फोटो ज्याचा, त्याच्या हातात: इन्स्टंट फिल्म अजून का टिकून आहे

तालुक्याच्या गावी स्टुडिओ चालवणारा कोणताही माणूस हा हिशोब मांडून दाखवेल. इन्स्टंट कॅमेऱ्याच्या, म्हणजे बटन दाबताच कागदावरचा फोटो बाहेर देणाऱ्या कॅमेऱ्याच्या, छोट्या फिल्मचं दहाचं पाकीट घेतलं तर एक फोटो पन्नास रुपयांच्या आसपास पडतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. म्हणजे एटीएम कार्डाएवढ्या एका फोटोपायी पाऊण किलोच्या जरा आत कापूस जातो, आणि फोटो बिघडला तर तोही गेला. खिशातल्या मोबाइलमध्ये मात्र हजार फोटो फुकट. तरीही बारशात, जत्रेत, लग्नाच्या मंडपात कुणी तो डबा बाहेर काढला की पोट्टेसोट्टे त्याच्याभोवती जमतात आणि मोबाइलवाल्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. फुजीफिल्म कंपनीने ‘इन्स्टॅक्स’ हे इन्स्टंट कॅमेरे १९९८ मध्ये जपानात आणले. पुढे डिजिटल कॅमेरे आले, कॅमेरावाले मोबाइल आले आणि इन्स्टॅक्सची विक्री घसरत घसरत वर्षाला लाखभर नगांवर आली. धंदा गुंडाळायचीच वेळ होती. पण २०१८ च्या आर्थिक वर्षात याच कॅमेऱ्यांच्या विक्रीने एक कोटीचा आकडा गाठला. तोवर स्मार्टफोन घरोघरी पोचलेला होता, हे लक्षात घ्या.

याचं नेहमीचं उत्तर असतं, ‘जुन्या दिवसांची ओढ’. अमेरिकेत ते चालून जाईल, तिथं दोन पिढ्यांच्या घरात पोलरॉइडचे, म्हणजे इन्स्टंट कॅमेरे आधी काढणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या कॅमेऱ्याचे, फोटो पडलेले असतात. पण वाशीम, यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या खेड्यात पोलरॉइड होता कुणाकडे? आपल्याकडे होता तो स्टुडिओतला रंगवलेला पडदा आणि छत्तीस फोटोंचा रोल. रोल संपेपर्यंत कॅमेरा कपाटात, मग कुणी अमरावतीला किंवा नागपूरला जाणारा सापडला की त्याच्याकडे तो धुवायला द्यायचा, आणि फोटो हाती येईपर्यंत लग्नातली नवरी माहेरपणाला येऊन गेलेली असायची. ज्या वस्तूची आपल्याला आठवणच नाही तिची ओढ वाटेल कशी? गावातल्या बाईला किंवा शाळकरी पोराला हा फोटो आवडतो तेव्हा कारण दुसरं काहीतरी असलं पाहिजे.

मला ते कारण असं दिसतं. गावात फोटो आज रोज निघतात, पण ते गावात राहत नाहीत. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा हजेरीचा फोटो निघतो आणि अ‍ॅपमधून वर जातो. घरकुलाचा हप्ता सुटायचा तर पाया, भिंत, छत अशा टप्प्याटप्प्याचे जिओ-टॅग केलेले, म्हणजे जागेची नोंद असलेले, फोटो लागतात. शौचालय बांधलं की लाभार्थ्याला त्याच्यासमोर उभं करतात. ई-पीक पाहणीसाठी शेतकरी आपल्याच सोयाबीनचा फोटो सरकारला पाठवतो. शिवाय सर्वेक्षणवाले, संस्थावाले, पत्रकार आणि शहरातून पळस फुलल्यावर येणारे हौशी लोक असतातच. कर्जापायी माणूस गेलेल्या घरांतही कॅमेरे येऊन गेले. ते फोटो कुठंकुठं छापून आले असतील, त्या घरात मात्र त्यांतला एखादाच परत येतो. ‘कुठी पाठवतं बावा हा फोटो?’ असं एखादी आजी विचारते, तेव्हा ती भोळी आहे असं समजू नये. प्रश्न अगदी नेमका असतो. तिच्याकडे साधा बटनाचा फोन आहे. तिचा चेहरा दहा जणांच्या मोबाइलमध्ये आहे, फक्त तिच्याजवळ नाही.

याचा परिणाम कळतो तो घरातलं म्हातारं माणूस गेल्यावर. तेरवीच्या आधी फोटो शोधायची धावपळ सुरू होते. कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत अर्धा चेहरा सापडतो, नाहीतर आधार कार्डावरचा तो डोळे वटारलेला फोटो मोठा करायचा. स्टुडिओवाला कॉम्प्युटरवर कोट चढवून देतो, मागं निळं आभाळ टाकतो, आणि आयुष्यभर धोतर-बंडीत वावरलेल्या माणसाला हार घातला जातो तो टायमध्ये. आपल्या भागातल्या किती भिंतींवर असे उसने कोट लटकले आहेत, ते नीट बघा एकदा.

इन्स्टंट फोटोत गोष्ट उलटी होते. फोटो काढणारा घरी रिकाम्या हातानं जातो आणि जिचा फोटो काढला तिच्या हातात तो राहतो. काढणाऱ्याला हवा असेल तर दुसरा फोटो काढावा लागतो, म्हणजे आणखी पन्नास रुपये. यात काढणाऱ्याचा मोठेपणा फारसा नाही. त्या कागदाच्या पोटात जे रसायन भरलंय त्यानंच ही अट घातलेली आहे. ते कसं, हे जरा सावकाश बघू, कारण खरी गंमत तिथंच आहे.

कार्डाच्या पोटातली अंधारखोली

आधी जुना रोल. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे बारीक कण असतात. प्रकाश पडला की त्या कणांत बदल होतो, पण डोळ्यांना काही दिसत नाही. अंधारात डेव्हलपर नावाच्या रसायनात फिल्म बुडवली की प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी होते. दुसऱ्या रसायनात उरलेले कण धुऊन जातात. हाती येते ती निगेटिव्ह: गोरं ते काळं, काळं ते गोरं. तिच्यातून पुन्हा प्रकाश सोडून कागदावर फोटो उतरवायचा. निगेटिव्ह जवळ असेपर्यंत हव्या तेवढ्या प्रती निघतात, आणि निगेटिव्ह असते स्टुडिओवाल्याकडे. फोटोचा मालक कोण, हे तिथंच ठरून जायचं.

इन्स्टंट फिल्ममध्ये ही सगळी अंधारखोली एका कार्डाच्या आत बसवलेली आहे. कार्ड वरून एकसंध दिसतं, पण आत कागदापेक्षाही पातळ असे बरेच थर एकावर एक असतात. त्यांतले तीन प्रकाश ओळखणारे: एक निळा प्रकाश टिपतो, एक हिरवा, एक लाल. प्रत्येकाच्या पाठीला एक रंग बांधलेला असतो. निळ्याच्या मागं पिवळा, हिरव्याच्या मागं किरमिजी, लालच्या मागं मोरपंखीकडे झुकणारा निळा. सगळ्यांत वर एक थर असा, की खालून जो रंग चढून येईल त्याला धरून ठेवायचं. चित्र दिसतं ते याच थरात.

फोटोची खालची पांढरी पट्टी बाकीच्या तीन बाजूंपेक्षा रुंद का असते, असं पोरं हमखास विचारतात. नाव लिहायला जागा ठेवली असावी असं वाटतं आणि लोक ती तशी वापरतातही. मुळात तिथं रसायनाची एक चपटी पुडी दडवलेली असते. बटन दाबलं की कार्ड दोन पोलादी रुळांमधून बाहेर ढकललं जातं, त्या दाबानं पुडी फुटते आणि दाट लगदा थरांच्या मधे एकसारखा पसरतो. रुळांवर वाळूचा कण जरी बसला तरी प्रत्येक फोटोवर त्याच जागी डाग उमटतो. आपल्या धुळीच्या रस्त्यांवर कॅमेरा फिरवणाऱ्याने रूळ ओल्या कपड्यानं पुसायची सवय लावून घ्यावी. फोटो बिघडण्याचं सगळ्यांत साधं कारण हेच असतं.

आता पोलरॉइडच्या पद्धतीत पुढं काय होतं ते बघा. लगद्यातला पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा जहाल क्षार कामाला लागतो आणि रंगांना हलायला मोकळीक मिळते. पण ज्या थरावर प्रकाश पडलेला असतो, तिथला रंग रासायनिक क्रियेत अडकून जागीच बसतो. प्रकाश पडला नसेल तिथला रंग सुटतो आणि वरच्या थराकडे चालायला लागतो. वेचणीला आलेल्या पऱ्हाटीचा फोटो घेतलाय असं समजा. फुटलेल्या बोंडाकडून निळा, हिरवा, लाल असा तिन्ही प्रकाश येतो, म्हणून तिथले तिन्ही रंग खालीच अडकतात, वर काहीच पोचत नाही आणि ती जागा पांढरी राहते. वेचणाऱ्या बाईच्या काळ्या केसांकडून प्रकाश जवळजवळ आलेलाच नसतो, म्हणून तिन्ही रंग वर जातात आणि मिसळून काळे दिसतात. आभाळाकडून निळा प्रकाश आला, तर पिवळा रंग तेवढा अडकतो, उरलेले दोन वर चढतात आणि दोघांचा मिळून निळा होतो.

बोंडाचा तो पांढरा येतो कुठून? लगद्यात टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेलं असतं. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही तेच असतं. फोटोची पांढरी पार्श्वभूमी त्याची बनलेली.

यात एक अडचण होती आणि ती भयंकर होती. कार्ड बाहेर येतं ते भर उजेडात. आत तर क्रिया अजून चालू आहे. उन्हानं उरलेल्या कणांची वाट लावायला क्षण पुरे. यावर जो तोडगा निघाला तो मला या सगळ्या शोधातला सगळ्यांत हुशारीचा वाटतो. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि साबण धुऊन गेला की परत पिवळा पडतो, हे घरोघरी माहीत आहे. क्षार लागला की रंग बदलणारे असेच रंगद्रव्य लगद्यात घातलं. क्षार जहाल आहे तोवर ते गडद असतं आणि वरून येणारा उजेड अडवून धरतं. कार्डाच्या आत एक आम्लाचा थरही असतो, आणि त्याच्या आड एक अडसर, म्हणजे आम्लाने घाई करू नये. ठरावीक वेळानं क्षार अडसर ओलांडून आम्लापर्यंत पोचतो, त्याचा जहालपणा मरतो, रंगांची हालचाल थांबते आणि ते गडद रंगद्रव्य पारदर्शक होतं. फोटो ‘हळूहळू उमटतो’ असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात बराचसा वेळ पडदा विरत असतो.

फुजीच्या फिल्ममध्ये रसायनाचे तपशील वेगळे आहेत, तत्त्व हेच. फरक म्हणजे पोलरॉइडमध्ये प्रकाश ज्या बाजूनं शिरतो त्याच बाजूनं फोटो बघायचा असतो, त्यामुळे डावं-उजवं उलटं होऊ नये म्हणून कॅमेऱ्यात आरसा बसवावा लागतो. इन्स्टॅक्समध्ये प्रकाश मागून शिरतो आणि चित्र पुढून दिसतं, म्हणून आरशाची गरज नाही. इन्स्टॅक्स दीड मिनिटात स्पष्ट होतो, आजच्या पोलरॉइडच्या रंगीत फोटोला दहा-पंधरा मिनिटं लागतात.

आणि हो, फोटो हलवून काही होत नाही. लगदा आत बंद आहे, वाळवायचं काहीच नाही. उलट वाकला तर थर सुटून डाग पडतात. हलवायची सवय जुन्या, सोलून काढायच्या ओल्या फोटोंपासून आली. पण जत्रेत फोटो हातात आला की लोक हलवतातच, आणि मी आता कुणाला अडवत नाही.

म्हणजे या सगळ्या खटाटोपात निगेटिव्ह आणि फोटो एकाच कार्डात जन्मतात आणि तिथंच चिकटून राहतात. वेगळी काढून कपाटात ठेवावी अशी निगेटिव्ह उरतच नाही. प्रत एकच, आणि ती कुणातरी एकाच्याच हातात जाणार.

लँडसाहेब आणि त्यांची लेक

याचा कर्ता एडविन लँड (१९०९–१९९१). हार्वर्डचं शिक्षण अर्धवट सोडलेला माणूस. प्रकाशाची झगमग कमी करणारी पोलरायझर नावाची पातळ पत्री त्याने बनवली आणि १९३७ मध्ये पोलरॉइड कंपनी काढली. १९४३ मध्ये कुटुंबासह सांता फे इथं सुटीवर असताना तीन वर्षांच्या जेनिफरचा फोटो काढला, तेव्हा तिने विचारलं, फोटो आत्ताच का बघता येत नाही? लँड स्वतः ही हकीकत सांगत असत. विचारणारी पोरं आपल्याकडेही कमी नाहीत. लँडकडे प्रयोगशाळा होती, एवढाच काय तो फरक. २१ फेब्रुवारी १९४७ ला त्यांनी न्यूयॉर्कमध्ये शास्त्रज्ञांच्या सभेत स्वतःचाच फोटो काढून मिनिटभरात सोलून दाखवला. २६ नोव्हेंबर १९४८ ला बॉस्टनच्या एका मोठ्या दुकानात पहिला कॅमेरा विक्रीला आला आणि आलेला माल त्याच दिवशी संपला. फोटो तपकिरी यायचे. रंगीत फिल्म १९६३ मध्ये आली.

या सोलायच्या फिल्मचा एक उपद्रव होता: फोटो घेऊन लोक चिकट कागद तिथंच टाकून जात. लँडना हे खुपत होतं. १९७२ चा एसएक्स-७० हा त्यावरचा उपाय. घडी घालून कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा, आणि काही सोलायचं नाही, काही टाकायचं नाही, असं कार्ड. वर सांगितलेली थरांची करामत ही याच वेळची. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्ससारखा निसर्गचित्रांचा बादशहा पोलरॉइडचा सल्लागार होता, आणि अमेरिकेतल्या गरीब शेतकरी कुटुंबांचे फोटो काढून नाव झालेला वॉकर इव्हान्स आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत एसएक्स-७० घेऊन फिरत होता.

आपल्या देशातही याआधी एक जुगाड चालत आला होता, तो लोक विसरतात. तिपाईवर लाकडी पेटी, मागे काळ्या कापडाची बाही. फोटोवाला बाहीतून हात आत घालून पेटीतच कागदी निगेटिव्ह धुवायचा, मग तिचाच पुन्हा फोटो घ्यायचा की सरळ चित्र मिळायचं. ‘मिनिट कॅमेरा’ म्हणत त्याला. जयपूरला हवामहलसमोर असा एक अलीकडेपर्यंत चालू होता. अफगाणिस्तानातही हीच पेटी रस्त्यावर फोटो काढायची. तिच्यात मात्र कागदी निगेटिव्ह फोटोवाल्याकडेच राहू शकायची.

हातात राहिलेला फोटो नेहमी आपला असतो असं नाही

इथं एक कडू गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी इन्स्टंट फोटोची आरती ओवाळतोय असं वाटेल. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांना सतत पासबुक, म्हणजे फिरण्याच्या परवान्याचं पुस्तक, बाळगावं लागे आणि त्यात फोटो लागायचा. झटपट फोटोसाठी तिथं पोलरॉइडची यंत्रणा वापरली जात होती. कंपनीतच काम करणाऱ्या केन विल्यम्स आणि कॅरोलिन हंटर या दोघा कृष्णवर्णीयांनी १९७० मध्ये हे उघड केलं आणि बहिष्काराची चळवळ सुरू केली. कंपनीने आधी टाळाटाळ केली, आणि शेवटी १९७७ मध्ये तिथली विक्री बंद केली. तोही फोटो ज्याचा त्याच्याच खिशात होता. पण जवळ नसला तर तुरुंग. म्हणून जत्रेत फोटो काढताना ‘काढू का?’ हे आधी विचारावं आणि कुणी पदर ओढून घेतला तर पुढं जावं. फोटो फुकट देतोय म्हणून विचारायची गरज नाही, असं बऱ्याच हौशी लोकांना वाटतं.

पोलरॉइडच्या पडत्या काळाची गोष्ट लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. कोडॅकने १९७६ मध्ये स्वतःचे इन्स्टंट कॅमेरे आणले, पोलरॉइडने पेटंटचा दावा लावला, कोडॅकला १९८६ मध्ये हा धंदा सोडावा लागला आणि पुढं साडेब्याण्णव कोटी डॉलर मोजावे लागले. कोर्टात जिंकलेली कंपनी डिजिटलपुढे हरली. २००१ मध्ये दिवाळखोरी, २००८ मध्ये फिल्म बंद करायची घोषणा. तेव्हा फ्लोरियान काप्स, आंद्रे बोसमान आणि जुन्या कामगारांच्या एका लहान गटाने नेदरलँड्सच्या एन्स्खेदे गावातला शेवटचा कारखाना मोडीत जाण्याआधी यंत्रांसह ताब्यात घेतला. यंत्रं होती, पण कृतीतली कित्येक रसायनं आता कुणी बनवतच नव्हतं. सगळी पाककृती नव्यानं बसवावी लागली. २०१० मध्ये त्यांची फिल्म आली, पण उजेड अडवणारं ते रंगद्रव्य जमलेलं नव्हतं. फोटो बाहेर पडताच पाखर घालावी तसा हाताखाली झाकावा लागे. लोकांनी अशी अर्धीकच्ची फिल्मही महागात विकत घेतली, यावरून ओढ किती होती ते कळतं. सुधारत सुधारत त्यांनी उभी केलेली कंपनी २०२० पासून पुन्हा ‘पोलरॉइड’ नावानं फिल्म विकते.

मे महिन्यातलं लग्न आणि बहिरमची जत्रा

आता आपल्या उन्हाचं बोलू. ही सगळी रासायनिक क्रिया तापमानाच्या तालावर चालते. इन्स्टॅक्सची फिल्म ५ ते ४० अंशांत वापरावी असं कंपनी सांगते, पोलरॉइडची १३ ते २८ अंशांत. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडं लग्नसराई. उष्णता वाढली की क्रिया भराभर होते, रंग हवे त्यापेक्षा जास्त सुटतात आणि फोटोवर पिवळट-लालसर झाक येते. थंडीत उलट: फोटो फिकट आणि निळसर-हिरवट. पोलरॉइड तर मंडपात जवळजवळ निरुपयोगीच. इन्स्टॅक्स संध्याकाळच्या लग्नात कसाबसा निभावतो.

सुदैवानं आपले बरेचसे मेळे हिवाळ्यात आहेत. अमरावती जिल्ह्यातली बहिरमची जत्रा डिसेंबरच्या वीस तारखेच्या सुमारास सुरू होते आणि रोडगे-हांडीच्या वासात महिनाभर चालते. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. मार्कंड्याची जत्रा महाशिवरात्रीला. फिल्मला मानवेल असं हवामान याच दिवसांत असतं. रात्रीच्या नाटकाला कडाक्याची थंडी असली तर निघालेला फोटो दीड मिनिट स्वेटरच्या आत, अंगाच्या उबेला ठेवावा, रंग बरे येतात.

फिल्म ठेवायची कुठं? न फोडलेलं पाकीट फ्रिजच्या खालच्या भागात, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. वापरायच्या तासभर आधी बाहेर काढावं, नाहीतर आत दव धरतं. कुलरच्या समोर ठेवाल तर ओल शिरेल. बंद गाडीत डॅशबोर्डवर ठेवाल तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

उजेडाचाही एक घोळ आहे. या फिल्मला अतिगोरं आणि अतिकाळं एकाच वेळी झेपत नाही. भर दुपारी पांढऱ्या टोपी-धोतरातल्या आबाजींचा फोटो घेतला तर कपडे जळून सपाट पांढरे होतात आणि उन्हात रापलेला चेहरा टोपीच्या सावलीत बुडून जातो. त्यांना ओसरीत किंवा कडुलिंबाखाली आणावं, सकाळी दहाच्या आत किंवा दिवस कलल्यावर काढावा, आणि फ्लॅश पोचतो तो दोन-सव्वादोन मीटरपर्यंतच, एवढं ध्यानात ठेवावं. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन उभ्या पोरांच्या रांगेचा फोटो लांबून घ्यायचा मोह टाळावा. एकेका पोराजवळ गुडघे टेकून काढलेला चांगला येतो, आणि नेमका तोच त्याला घरी न्यायचा असतो.

फोटो हातात आल्यावर लोक काय करतात ते मला फोटोपेक्षा बघण्यासारखं वाटतं. पहिली काही सेकंदं कार्ड कोरं असतं, आणि माणसं दोघंतिघं डोकं जोडून त्यावर वाकतात. मोबाइलवर फोटो दिसला की ‘पुन्हा काढ, डोळे मिटले’ असं लगेच सुरू होतं. इथं पुन्हा काढायचा तर पन्नास रुपये, म्हणून मिटलेले डोळेही चालवून घेतात, त्यावर हसतात. ‘मायावाला मलेच देतं का?’ असं पुन्हापुन्हा विचारून खात्री करून घेतात. मग तो पोथीत जातो, पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीत जातो, कुणी देवघरात लावतो. देवघर नको असं सांगावं लागतं, कारण ऊन आणि दिव्याची धग या रंगांना सोसत नाही. पेटी उत्तम, अंधारात रंग जास्त टिकतात. नाव-तारीख लिहायची तर पट्टीवर मार्कर पेन वापरा, बॉलपेनची शाई धरत नाही. आणि कात्रीनं कापून लॉकेटमध्ये बसवायच्या फंदात पडू नका, आतला क्षार कातडीला लागतो. लागलाच तर भरपूर पाण्यानं धुवा.

अलीकडे डिजिटल आणि इन्स्टंट असे दुहेरी कॅमेरे निघालेत. आधी पडद्यावर फोटो दाखवतात, आवडला तरच फिल्मवर छापतात. मोबाइलमधला फोटो त्याच फिल्मवर उतरवणारे मुठीएवढे प्रिंटरही मिळतात. फिल्म तीच, लगदा तोच, फक्त भिंगाऐवजी आतले दिवे तिच्यावर प्रकाश पाडतात. (रसायनाऐवजी उष्णतेवर छापणारे स्वस्त प्रिंटर वेगळे, त्यांच्या कागदाशी या फिल्मची गल्लत करू नका.) फोटो काढणाऱ्याकडे प्रत ठेवायची सोय झाली की मूळ अट सैल पडते, म्हणून माझं मन त्यांच्यावर बसत नाही. पण धंदा करणाऱ्याला ते परवडतात, रडक्या पोरापायी फिल्म वाया जात नाही. आणि एका कामाला ते फारच उपयोगी: ग्रुप फोटोतल्या मागच्या रांगेतले आजोबा चार भावंडांना चार प्रतींत देता येतात, कोट न चढवता. त्यासाठी फ्रेमची काच काढा, फोटो ओसरीच्या सावलीत आडवा ठेवा, मोबाइल त्याच्या बरोबर वर समांतर धरा आणि फ्लॅश बंद ठेवा.